ओटी टेक्निशियनचा अनुभव अमेरिकेत चालतो का? सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट व्हायचंय

रुईफूल

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी मूळची कराडची. बारावी सायन्सनंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं बीपीएमटी (पॅरामेडिकलची पदवी) केलं, विषय ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन. मग पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या ओटीत सहा वर्षं काढली. सुरुवातीला ऑर्थो (हाडांच्या), नंतर लॅपच्या (दुर्बिणीच्या) केसेस. लग्नानंतर न्यू जर्सीला आले, त्याला आता पाच वर्षं होतील. मुलगी शाळेत जायला लागलीय. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यामुळे एच-४ (नवऱ्याबरोबरच्या व्हिसा) वर काम करायचं परमिट परवा टपालाने आलं. ते पाकीट मी देवासमोर ठेवलं होतं, हसू नका.

इथे आपल्या कामाला सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात एवढं कळलंय. दोन हॉस्पिटलांत अर्ज केला, एकीकडून फोन आला. बाईंनी पहिलंच विचारलं, "सीएसटी (सर्टिफाइड सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट) आहे का?" मी सांगितलं, सहा वर्षांचा अनुभव आहे, दिवसाला सात-आठ केसेस केल्यात. त्या म्हणाल्या, "छान. पण सीएसटी आहे का?" पाच मिनिटांत फोन संपला.

तेव्हापासून फोनवर एक जाहिरात पाठीच लागलीय. चार महिने, पूर्ण ऑनलाइन, शेवटी 'सर्टिफाइड'. फी अठराशे डॉलर, रविवारपर्यंत भरली तर तीनशे कमी. नवरा म्हणतो भरून टाक. माझं मन घेत नाही. कुणी या वाटेने गेलंय का? पुण्याच्या सहा वर्षांना काहीच किंमत नाही का?

टवाळ

ओटी म्हटल्यावर मी नारळ-तांदूळ घेऊन आलो होतो. असो, आलोच आहे तर बसतो.

स्क्रबवाली

रविवारपर्यंत काही भरू नकोस. सोमवारीही भरू नकोस.

मी ह्यूस्टनजवळ असते, सीएसटी होऊन नऊ वर्षं झाली. इथे यायच्या आधी मी बी.एस्सी. मायक्रो, ओटीचं दारसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

सीएसटी हे सर्टिफिकेट कोर्स चालवणारे देत नाहीत. ते देणारं मंडळ एकच, एनबीएसटीएसए. त्यांच्या परीक्षेला बसायचं तर मान्यताप्राप्त कोर्स पुरा केलेला लागतो, आणि मान्यता म्हणजे सीएएएचईपी किंवा एबीएचईएस यांपैकी एकाची. इथेच लोक फसतात. कॉलेजवाले सांगतात की आमचं कॉलेज ॲक्रेडिटेड आहे, आम्हाला राज्याची परवानगी आहे. दोन्ही खरं असू शकतं. पण सर्जिकल टेक्नॉलॉजीच्या त्या कोर्सला मान्यता आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. दोन्ही संस्थांच्या साइटवर राज्यवार याद्या आहेत. त्यात कोर्सचं नाव नसेल तर विषय तिथेच संपला. ॲड्मिशनवाल्याशी बोलत बसू नकोस, ते गोड बोलतात.

'पूर्ण ऑनलाइन' हे तर वाचूनच डोकं फिरलं. थिअरी ऑनलाइन होईल. स्क्रब (हात धुऊन, निर्जंतुक गाऊन घालून ऑपरेशनला उभी) कशी होणार, झूमवर?

आता आकडे. कोर्स संपेपर्यंत तुझ्या केसेसच्या वहीत निदान १२० केसेस लागतात. त्यातल्या ३० जनरल सर्जरीच्या, आणि त्या ३० पैकी २० मध्ये तू पहिली स्क्रब, म्हणजे हत्यारांची ट्रॉली तुझी, काउंट (सामानाची मोजणी) तुझा, सर्जनच्या हातात देणार तू. उरलेल्या ९० इतर शाखांच्या. त्यातल्या ६० पहिली स्क्रब म्हणून, त्याही किमान चार शाखांत वाटलेल्या आणि प्रत्येकीत निदान १०. भिंतीला टेकून नुसती पाहिलेली केस मोजत नाहीत. डायग्नोस्टिक एंडोस्कोपीच्या १० आणि नॉर्मल डिलिव्हरीच्या ५ पर्यंत धरतात, पण दुसरी (मदतनीस) स्क्रब म्हणूनच.

तुझ्या पुण्याच्या हजारो केसेस या वहीत बसत नाहीत. वाईट वाटेल, पण आत्ताच कळलेलं बरं.

रुईफूल

ताई, खूप आभार. वाईट वाटलं हे खरं आहे. एकही केस धरणार नाहीत? मी चक्क टोटल नीच्या (गुडघा बदलण्याच्या) ट्रॉल्या एकटीने लावल्यात.

स्क्रबवाली

एकही नाही. आकस म्हणून नाही गं. कोण कुठल्या देशात काय शिकून आलं हे तपासायची यंत्रणाच त्यांनी ठेवलेली नाही. परदेशी नर्सला आपली डिग्री तपासून घेऊन एनसीएलईएक्स या परवाना परीक्षेला बसता येतं, तसं दार सर्जिकल टेकला नाही. इथल्या लष्करातून शिकून आलेल्यांना आहे. आपण लष्करातले नाही.

उपयोग होतो तो वेगळीकडे. डिग्रीचं इव्हॅल्युएशन करून घेतलंस तर इंग्रजी, गणित, कधी कधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी यांत सूट मिळू शकते. ते कॉलेजच्या मर्जीवर. आणि खरा फायदा क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाला. माझ्या वर्गातल्या दोघी पहिल्याच आठवड्यात रक्त बघून बसल्या खाली. तू बसणार नाहीस.

झोपवणारा

मी भूलतज्ज्ञ, सांगलीकडे. वीस वर्षं ओटीच्या डोक्याच्या बाजूने हे नाटक बघतोय.

रुईफूल, तुमचं दुःख कळतं, पण इथे एक मुद्दा मांडतो. आपल्याकडे 'ओटी टेक्निशियन' या शब्दाखाली काय काय चालतं हे त्या फोनवरच्या बाईंना कसं कळावं? मोठ्या हॉस्पिटलात स्क्रब सिस्टर होतात आणि टेक्निशियन माझ्याबरोबर असतो: भुलीचं बॉइल्स मशीन तपासणं, सिलिंडर बदलणं, पेशंटला पोझिशन देणं, कॉटरीची (विजेने रक्त थांबवायच्या यंत्राची) प्लेट लावणं, सी-आर्म (एक्स-रे यंत्र) फिरवणं. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये तोच माणूस सकाळी ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावतो, दुपारी स्क्रब होतो, रिट्रॅक्टर धरतो, रात्री टाके कापतो. माझ्या ओळखीतला सर्वांत हुशार टेक्निशियन दहावी नापास आहे. सर्जनने त्याला हाताखाली तयार केला. पित्ताशय हाताबाहेर जातंय हे सर्जनच्या आधी त्याला कळतं. मी न सांगता दुसरं सक्शन जोडून ठेवतो.

त्याला कुठली वही विचारणार? कागदाने हात तयार होत नाहीत.

नागपुरी_संत्र

डॉक्टरसाहेब, मान ठेवून बोलतो, पण हेच ऐकून ऐकून आमचा पगार वाढत नाही. मी सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओटीत आहे, बीपीएमटीच्या पहिल्या काही बॅचेसमधला. तुमच्या त्या दहावी नापास गड्याचा हात सोन्याचा असेल. पण सर्जनने शिकवलं तेवढंच त्याला येतं ना. सर्जनची चूक तो चूक म्हणून ओळखतो का? ऑटोक्लेव्हची टेप काळी झाली म्हणजे सामान निर्जंतुक झालं, असं समजणारे किती पाहिले मी. टेप एवढंच सांगते की पुडकं मशीनमधून गेलं. आतपर्यंत वाफ पोचली की नाही ते आतली पट्टी सांगते, आणि जंतू मेले की नाही ते बायॉलॉजिकल इंडिकेटर. हे शिकायला वर्ग लागतो भाऊ.

आणि आता कायदाही झाला आहे. २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात ओटी टेक्नॉलॉजिस्ट, भूल टेक्नॉलॉजिस्ट, एंडोस्कोपी-लॅपरोस्कोपीवाले हे सगळे नावानिशी आहेत. तासही ठरलेत. सहयोगी व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत निदान २,००० तासांचं शिक्षण, आणि आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला तीन ते सहा वर्षांत निदान ३,६००. महाराष्ट्रात परावैद्यक परिषदेचा राज्याचा कायदा आधीपासून आहेच. म्हणजे अमेरिकेत त्या १२० केसेस, तसं आपल्याकडे हे तास.

झोपवणारा

टेपचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. बाकीचं नाही. त्या गड्याने चाळिसाव्या वर्षी २,००० तास कुठे जाऊन भरायचे ते सांगा, मी त्याला उद्या सुट्टी देतो.

टवाळ

(बाजूला सरकून बसतो.)

सिस्टर_निवृत्त

भांडू नका रे. मी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं काढली, त्यातली २२ ओटीत. आमच्या वेळी ग्लोव्हज एकदा घालून फेकत नसत. धुवायचे, वाळवायचे, फुगवून भोकं बघायची, पावडर लावून जोड्या करायच्या आणि ड्रममध्ये भरायच्या. दुपारभर मावशी आणि आम्ही तेच करायचो. कॅटगट (टाक्यांचा दोरा) काचेच्या नळीत यायचं, नळी फडक्यात धरून फोडायची. आता मुली पाकीट सोलतात आणि काम झालं.

एक सांगते. ट्रॉली लावणं महिन्याभरात येतं. सर्जन काय मागणार हे वर्षभरात कळायला लागतं. काउंटला मात्र हिंमत लागते. एकदा रात्रीच्या इमर्जन्सीत, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, मॉप (रक्त टिपायचं फडकं) एक कमी भरला. सर्जन मोठे, पहाटेचे तीन वाजलेले. म्हणाले, सिस्टर, तुम्ही चुकीचं मोजलंत, मी बंद करतोय. मी म्हटलं, सर, मी टाके घालायचा नीडल होल्डर देणार नाही. दिला नाही. शिव्या खाल्ल्या. मॉप लिव्हरच्या मागे होता. रक्तात भिजला की तो आतड्यासारखाच दिसतो, वेगळा काढता येत नाही.

मी तेव्हा नोंदणी असलेली, कायम नोकरीतली नर्स होते. दहावी नापास मुलाला सर्जनने ठेवलेलं असतं, त्याची नोकरी सर्जनच्या खिशात असते. तो नाही म्हणू शकेल का? डॉक्टर, कागद लागतो तो यासाठी.

झोपवणारा

सिस्टर, निरुत्तर. खरंच.

स्क्रबवाली

सिस्टर, हे वाचून अंगावर काटा आला. इथे सर्जनने ओरडायचंच ठरवलं तर तोही ओरडतोच, पण काउंट जुळला नाही की एक्स-रे झाल्याशिवाय पेशंट टेबलवरून हलत नाही, आणि सर्क्युलेटर नर्स (टेबलाबाहेर फिरून मदत करणारी) ते लिहून ठेवते. लॅप स्पाँज, म्हणजे आपले मॉप, पाच-पाचच्या पुडक्यात, छोटे रेटेक (गॉजचे तुकडे) दहा-दहाच्या. पुडकं सोडून एकेक वेगळा करून, दोघींनी बघत, मोठ्याने मोजायचं. मनात मोजलेलं चालत नाही.

डॉक्टरांच्या मुद्द्यावर: इथेही सुरुवात तशीच झाली. दुसऱ्या महायुद्धात नर्सेस कमी पडल्या तेव्हा लष्कराने साध्या शिपायांना ओटीत उभं करून शिकवलं. युद्ध संपल्यावर हॉस्पिटलांनी तीच रीत उचलली, हाताखाली तयार केलेली माणसं. त्यांची संघटना झाली १९६९ मध्ये, परीक्षा वगैरे त्यानंतर. आणि आजसुद्धा सगळ्या राज्यांत सक्ती नाही. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, टेक्सस, इंडियाना, टेनेसी अशा काही राज्यांत कायदा आहे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनमध्ये राज्याकडे नोंदणी करावी लागते. बऱ्याच ठिकाणी कायदाच नाही, हॉस्पिटल ठरवेल ते. त्या राज्यांत आजही शिकवून घेतलेले जुने लोक आहेत. पण रुईफूल न्यू जर्सीत आहे, आणि नव्या माणसाला हॉस्पिटलं आता बहुतेक सगळीकडे सीएसटीच मागतात.

एनसीसीटी नावाच्या संस्थेचं टीएस-सी असंही एक सर्टिफिकेट आहे. काही हॉस्पिटलं घेतात. पण नोकरीच्या जाहिरातीत आणि राज्याच्या कायद्यात कुठलं नाव लिहिलंय ते वाचूनच पुढे जा.

बापूसाहेब_लातूर

चांगली माहिती मिळते आहे. माझी पुतणी यंदा बारावीला आहे, पीसीबी. नीटचं काही खरं दिसत नाही. गावात एकाने सांगितलं, अमुक विद्यापीठाची बी.एस्सी. ओटी टेक्नॉलॉजी घरी बसून होते, वर्षातून दोनदा परीक्षेला जायचं. फी पण कमी. घालावं का? पुढे अमेरिकेला जाता येईल का?

नागपुरी_संत्र

काका, घरी बसून ओटी शिकता येत नाही. एवढंच कारण पुरेसं आहे, पण नियमाचंही ऐका: २०२१ च्या त्या कायद्याखाली येणारे विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंदी घातली आहे. आता घेतलेली तशी डिग्री भिंतीवर लावायची.

बीपीएमटीला घाला. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये सीट मिळाली तर उत्तम, कारण तिथे केसेसचा महापूर असतो. तीन वर्षं अभ्यास आणि मग इंटर्नशिप. मार्क बरे असतील तर एम्सची प्रवेश परीक्षाही द्यायला लावा, तिथे बी.एस्सी.ला ओटी आणि भूल एकत्र शिकवतात. खाजगीत घालणार असाल तर एक काम करा. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का ते विचारा, आणि असेल तर सकाळी नऊला जाऊन ओटीबाहेरचा बोर्ड बघा. बोर्डावर दोन केसेस असतील तर मुलगी तीन वर्षं काय बघणार?

स्क्रबवाली

आणि बापूसाहेब, अमेरिकेचं स्वप्न या वाटेला जोडू नका. या कामावर एच-१बी हा कामाचा व्हिसा मिळत नाही. एच-१बीसाठी ज्या नोकरीला बॅचलर डिग्रीच लागते अशी नोकरी हवी. सर्जिकल टेक इथे दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीचं काम आहे. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा कामाचं परमिट आधीच आहे मुख्यतः त्यांच्यासाठी हा रस्ता. पुतणीला परदेशच हवा असेल तर नर्सिंगचा विचार करा.

मंजिरी_मँचेस्टर

किंवा इंग्लंड. मी इथे ओडीपी आहे, ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर. हे नाव भारतात फारसं कुणाला माहीत नाही म्हणून लिहिते.

ओडीपीला तीन बाजू येतात: भूल देताना मदत, स्क्रब, आणि रिकव्हरी. वर डॉक्टरांनी टेक्निशियनचं जे वर्णन केलं ना, मशीन तपासतो, पोझिशन देतो, मग स्क्रब होतो, ते अमेरिकेच्या टेकपेक्षा आमच्या कामाशी जास्त जुळतं. अमेरिकेत हे तीन तुकडे तीन माणसांत वाटलेत. इथे नोंदणी एचसीपीसी करते आणि परदेशात शिकलेल्यांचे अर्ज घेते. तुमचा अभ्यासक्रम, तास, अनुभव यांची एकेक ओळ तपासतात. मंजूर होईलच असं नाही, पण अर्ज तरी वाचतात. अभ्यासक्रमाची प्रत कॉलेजच्या सही-शिक्क्याने लागते, तेव्हा पुतणीने पहिल्या वर्षापासून सगळी कागदपत्रं आणि केसेसची वही नीट ठेवावी. मी नव्हती ठेवली. इंटर्नशिपची लॉगबुक आईने रद्दीत घातली होती. पुढची कहाणी सांगत नाही.

नागपुरी_संत्र

आखातातही आपली डिग्री चालते. माझे चार बॅचमेट सौदीत आहेत. डेटाफ्लोकडून कागदांची पडताळणी, मग प्रोमेट्रिकची परीक्षा. तिथेही खोटा अनुभव दाखवला तर पकडतात, सरळ कॉलेज-हॉस्पिटलला विचारणा जाते.

रुईफूल

केवढी माहिती! त्या ऑनलाइनवाल्यांना फोन करून विचारलं, तुमच्या कोर्सला सीएएएचईपीची मान्यता आहे का. म्हणाले, "आम्ही त्याच्याही पुढचं देतो." ठेवला फोन. नवऱ्यालाही पटलं.

आमच्या काउंटीतल्या कम्युनिटी कॉलेजात मान्यताप्राप्त कोर्स आहे. काउंटीत राहणाऱ्यांना फी बरीच कमी. असोसिएट डिग्री, दोन वर्षं. पण सीटा कमी आणि अर्ज भरपूर. स्क्रबवाली ताई, परीक्षा कशी असते? आणि एक वेडा प्रश्न: मंगळसूत्राचं काय करता?

स्क्रबवाली

मंगळसूत्र घरी. बांगड्या, अंगठ्या, नेलपॉलिश, सगळं घरी. पुण्यात तरी वेगळं होतं का? मी पहिल्या वर्षी स्क्रबच्या खिशाला आतून पिनेने लावायचे, एकदा लाँड्रीत गेलं, तेव्हापासून डब्यात. सासूबाईंना सांगितलं जंतू असतात, त्यांना लगेच पटलं.

परीक्षा कॉम्प्युटरवर, सेंटरला जाऊन. १७५ प्रश्न, चार तास. त्यातले १५० मोजतात. बाकीचे २५ पुढच्या परीक्षांसाठी चाचपडून बघायला टाकलेले असतात, आणि कुठले ते कळत नाही. सर्वांत मोठा भाग ऑपरेशनच्या आधी, चालू असताना आणि नंतर काय करायचं याचा. मग ॲनाटॉमी, मायक्रो, औषधं. मग उपकरणं, निर्जंतुकीकरण, कागदपत्रं. पास झालं की संपलं नाही: दर दोन वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी ३० क्रेडिट.

तुला अभ्यासाचं जड जाणार नाही, नावांचं जाईल. हे हसण्यावारी नेऊ नकोस. आपण 'कॉटरी' म्हणतो, इथे सगळे 'बोव्ही' म्हणतात. तू ज्याला 'आर्टरी' (रक्तवाहिनी दाबायचा चिमटा) म्हणतेस त्याला इथे कुणी हेमोस्टॅट म्हणेल, कुणी क्रायल, कुणी केली, आणि त्या तिन्ही एकच गोष्ट नाहीत. ॲलिस आणि बॅबकॉक हे चिमटे मात्र तेच, देवाची कृपा. ॲड्रिनलिन इथे एपिनेफ्रिन. लिग्नोकेन इथे लिडोकेन. ट्रॉलीवरच्या प्रत्येक वाटीला आणि सिरिंजला लेबल लावायचं, आत साधं सलाइन असलं तरी. पुण्यात लावायचात का?

रुईफूल

...नाही. कुठल्या वाटीत काय ते 'माहीत असायचं'. आता विचार करून पोटात गोळा आला.

सिस्टर_निवृत्त

आम्हीही लावत नव्हतो बाळा. नशीब म्हणायचं.

कोथरूडकर

विषयांतर होईल, पण पैसा किती? दोन वर्षं घालवायची तर हिशोब नको?

स्क्रबवाली

विषयांतर कसलं, हाच तर विषय. अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकड्यांत या कामाचा मध्यक पगार वर्षाला ६०,६१० डॉलर आहे. म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी. कॅलिफोर्नियात जास्त, घरभाडंही जास्त. वर ऑन-कॉलचे पैसे वेगळे, पण ऑन-कॉल म्हणजे फोन आल्यापासून ठरलेल्या वेळात हजर. आमच्याकडे अर्धा तास. रात्री दोनला. मुलगी लहान आहे, हा विचार आधी कर. आणि पाय. पाठीवर शिशाचा ॲप्रन घालून पाच तास स्पाइनची केस, मधे पाणी नाही. मी पस्तिशीतच व्हेरिकोज व्हेनचे मोजे घालते.

दोन वर्षं थांबवत नसेल तर निर्जंतुकीकरण विभागात काम बघ, आपलं सीएसएसडी. त्याचं सीआरसीएसटी सर्टिफिकेट आहे, ४०० तास हाताने काम आणि एक परीक्षा. न्यू जर्सीत तेही सक्तीचं आहे. पगार कमी, पण सगळ्या हत्यारांची इथली नावं पगार घेऊन पाठ होतात, आणि ओटीतली माणसं ओळखीची होतात. प्रतीक्षायादीत नाव असताना हे करणारे बरेच पाहिलेत.

झोपवणारा

उत्तम सल्ला. आणि नागपूरकर, त्या गड्याशी बोललो. त्याचं वय त्रेचाळीस. मुलगी अकरावीत आहे, तिला बीपीएमटीला घालणार म्हणतो. त्याला स्वतःला दहावी पुन्हा द्यायची आहे. सतरा नंबरचा फॉर्म मी भरतो, इंग्रजी माझी बायको घेणार.

नागपुरी_संत्र

डॉक्टरसाहेब, दहावी झाली की मला विपू (विचारपुशीत निरोप) करा. पुढचं आपण बघू.

रुईफूल (धागा वर आणतेय, दीड वर्षाने)

कुणी वाचतंय की नाही माहीत नाही, पण पुढे काय झालं ते सांगायला आले.

पहिल्या वर्षी प्रतीक्षायादीत राहिले. ताईंनी सांगितलं तसं निर्जंतुकीकरण विभागात लागले, तळघरात, खिडकी नाही. ४०० तास भरले, सीआरसीएसटी झालं. दुसऱ्या वर्षी कोर्सला नंबर लागला. बीपीएमटीमुळे इंग्रजीत सूट मिळाली नाही, गणितात मिळाली, का ते विचारू नका. ॲनाटॉमी पुन्हा केली आणि खरं सांगू, बरं झालं. क्लिनिकलच्या आधी लसींची यादी, हिपॅटायटिस बीची टायटर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीची तपासणी), टीबीची तपासणी, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, सीपीआरचं कार्ड. भारतातल्या लसींचे कागद नव्हतेच, म्हणून निम्म्या पुन्हा टोचून घेतल्या. जे कुणी येणार असतील त्यांनी लसीकरणाचे कागद घेऊन या, फोटो काढून ठेवा, काहीही करा.

लॅबमध्ये पहिल्याच दिवशी गडबड केली. बाई म्हणाल्या क्रायल, मी हातात सरळ आर्टरी ठेवली, तीही बरोबर दिशेने, टपकन आवाज येईल अशी. त्या म्हणाल्या, "देण्याची पद्धत सुंदर, वस्तू चुकीची." काउंटला मी 'वन, टू, थ्री' सुरू केलं आणि सहाच्या पुढे कधी मराठीत गेले मला कळलंच नाही. समोरची सर्क्युलेटर बिचारी 'सात' ऐकून थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं.

ऑक्टोबरपासून क्लिनिकल सुरू आहे. परवा हर्नियाच्या केसला पहिल्यांदा एकटी पहिली स्क्रब होते. सर्जनने काही मागायच्या आधी मी जाळी कापायची कात्री पुढे केली, त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं. बस, तेवढंच.

वहीत आज ११ केसेस आहेत, त्यातल्या ४ पहिली स्क्रब. १०९ बाकी.

स्क्रबवाली

वाचतेय गं. ऑर्थोच्या दहा आधी भर, तिथे तुला कुणी अडवणार नाही. आणि वहीवर रोजच्या रोज सही घे, प्रिसेप्टर (तिथे शिकवणारी) नोकरी सोडून गेली की मागे धावावं लागतं.